ओळंबा, ध्रुवतारा आणि एका रेषेतली गावं

पृथ्वी गोल आहे हे सगळ्यांना माहीत असतं. कशावरून, असं कोणी विचारलं की मात्र पंचाईत होते. पृथ्वी चपटी मानणारा, म्हणजे चपटीवाला, एकच प्रश्न विचारतो: "ते राहू द्या, तुम्ही स्वतः काय मोजलंत?" आणि गोलवाल्यांचा सगळा दारूगोळा नासाचे फोटो आणि शाळेचं भूगोलाचं पुस्तक एवढ्यातच संपतो. दोन्ही गोष्टी समोरच्याने आधीच बाद केलेल्या असतात. मग आवाज चढतो, कोणीतरी कोणाची तरी अक्कल काढतो आणि चहा गार होतो.

हा वाद मोजमापावर आणता येतो, आणि त्यासाठी लागणारं सामान पुण्याच्या बोहरी आळीत दोनशे रुपयांच्या आत मिळतं. पण त्याआधी आपल्याच बाजूची काही उदाहरणं फेकून द्यायला हवीत, कारण चपटीवाले जिंकतात ते बहुतेक वेळा याच उदाहरणांवर.

"सिंहगडावरून क्षितिजाची गोलाई दिसते" हे पहिलं. नाही दिसत. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून, समोर सपाट समुद्र असता तरी, ६० अंशांच्या दृश्यात क्षितिजाचा बाक पाव अंशाहून कमी भरला असता. इथे तर समोर राजगड-तोरण्याच्या रांगा आहेत, त्यांचे चढउतार याहून कितीतरी मोठे. मोबाइलच्या फोटोत जो बाक दिसतो तो भिंगाचा असतो. क्षितिज चौकटीच्या वरच्या भागात घ्या, ते एका बाजूला वाकतं. खालच्या भागात घ्या, उलट्या बाजूला वाकतं. विमानाच्या खिडकीतून काढलेल्या फोटोंचीही हीच गत.

"बेसिनमधलं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे गोल फिरतं" हे दुसरं. तेही खोटं. एवढ्याशा पाण्यात भोवरा कोणीकडे फिरणार हे बेसिनचा आकार आणि नळाची धार ठरवते.

तिसरं खडकवासल्याचं. दुर्बीण घेऊन धरणाच्या काठावर जायचं आणि पलीकडच्या काठाचा पायथा पाण्याआड गेलेला दाखवायचा, असा बेत बरेच जण करतात आणि तोंडघशी पडतात. पृथ्वीचा उतार मीटरमध्ये काढायचा तर किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग करून ०.०७८५ ने गुणायचं. दोन किलोमीटरला ३१ सेंटिमीटर येतात. पण कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर वर असेल तर त्याचं क्षितिजच सव्वाचार किलोमीटरच्या पुढे असतं, आणि क्षितिजाच्या अलीकडचं काहीच दडत नाही. पलीकडचा काठ पायथ्यापर्यंत स्वच्छ दिसतो. चपटीवाला हसतो, आणि त्या जागी त्याचं हसणं बरोबर असतं.

याच सूत्रावर चपटीवाल्यांचीही एक चूक ठरलेली आहे. मैलाच्या वर्गाला आठ इंच हे त्यांचं आवडतं गणित. आकडा ठीक आहे, पण तो डोळा पाण्याला टेकवून पाहणाऱ्यासाठी. किनाऱ्यावर उभ्या माणसाचा डोळा १.७ मीटरवर असतो. २० किलोमीटर लांबच्या जहाजाचा ३१ मीटर भाग दडायला हवा, असं ते म्हणतात. आता नीट मोजा. उंचीचं वर्गमूळ गुणिले ३.५७, म्हणजे क्षितिज ४.६५ किलोमीटरवर. उरले १५.३५ किलोमीटर. उतार फक्त त्या उरलेल्या अंतरासाठी धरायचा: १८.५ मीटर. हवेत प्रकाशकिरण थोडा खाली वाकतो, तो हिशोबात घेतला की साधारण १५ मीटर. म्हणजे त्यांच्या आकड्याच्या निम्मं. पाण्यापेक्षा वरची हवा गरम असेल तर किरण आणखी वाकतात आणि दडलेला भागही वर उचललेला दिसतो. म्हणून हर्णै-मुरूडला जहाजं पाहायची तर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा पाहा आणि डोळ्याची उंची लिहून ठेवा. ती नसेल तर फोटोचा उपयोग शून्य.

इंग्लंडातल्या बेडफर्डच्या कालव्यावर १८३८ साली चपटीवाल्या रोबॉथमने हवेबाबत हीच गफलत केली होती. डोळा पाण्यापासून जेमतेम २० सेंटिमीटर वर, अंतर सहा मैल. पाण्यालगतच्या थरातून पाहिलं की हवेचा खेळ सगळ्यात जास्त असतो. १८७० मध्ये ५०० पौंडांच्या पैजेसाठी निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसने त्याच कालव्यावर निरीक्षणाची रेषा पाण्यापासून बरीच वर नेली आणि पाण्यापासून तेवढ्याच उंचीवर लावलेली मधली खूण वर आलेली दाखवली. वॉलेस पैज जिंकला, पण हरलेल्या चपटीवाल्या हॅम्पडनने पुढे कित्येक वर्षं त्याला शिव्याशाप आणि कोर्टकचेऱ्यांनी हैराण केलं. पैज लावू नका, हा यातला व्यावहारिक भाग.

"पाणी कायम सपाट राहतं" याचं उत्तर आकड्यात द्यावं. ३० सेंटिमीटर रुंद बादलीत पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यभागी येणारा फुगवटा मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढा. ५० मीटरच्या पोहण्याच्या तलावात एक विसांश मिलिमीटर. एक किलोमीटर सरळ कालव्यात दोन सेंटिमीटर. बादलीत गोलाई दाखवा म्हणणाऱ्याला हे आकडे द्यायचे आणि विचारायचं, की एवढं मोजायला काय वापरणार?

यालाच जोडून येतं, "आम्ही इतकी बांधकामं केली, कधी गोलाई धरली नाही." खरंय. डंपी लेव्हल (पातळी मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून ६० मीटरवरची पट्टी वाचली तर गोलाईची चूक पाव मिलिमीटरच्या आसपास येते, आणि पट्टी वाचायला मिळते पाच मिलिमीटरच्या खुणांवर. शिवाय यंत्र मागच्या आणि पुढच्या पट्टीच्या बरोबर मध्ये ठेवायची पद्धत असते, त्यामुळे दोन्हीकडची चूक सारखी येते आणि वजाबाकीत उडते. पण अंतर वाढलं की सुधारणा करावीच लागते. सिव्हिलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. सर्व्हेच्या पेपरात गोलाई आणि वक्रीभवन (हवेत किरणाचं वाकणं) मिळून ०.०६७३ गुणिले अंतराचा वर्ग हे सूत्र त्याने घोकलेलं असतं.

आता सावलीकडे. दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढायचा, हा प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसचा प्रयोग पुण्यात करायला मजा येते, कारण १४ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावली असते. (दुसरा दिवस जुलैअखेरीस येतो, पण तेव्हा सूर्य दिसेल याची खात्री कोण देणार?) त्या दिवशी स्थानिक मध्यान्हाला पुण्यात एक मीटरच्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच वेळी उदयपूरला ती १०.६ सेंटिमीटर पडते, उत्तरेकडे. पणजीला ५.३ सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे. पणजी, पुणे, नाशिक आणि उदयपूर ही चारही गावं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे चौघांचं मध्यान्ह एकदमच होतं. हे फार सोयीचं आहे. नातेवाईक असतील तर आत्ताच विचारून ठेवा.

यातून परीघ काढता येतो. पण गोलाई सिद्ध होते का? नाही. गोलवाल्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसतं. जमीन सपाट आणि सूर्य जवळ, सुमारे ६३०० किलोमीटरवर आहे असं धरलं, तर याच सावल्या जवळपास तशाच मिळतात. दोन काठ्यांचं उदाहरण देऊन छाती फुगवणाऱ्याला चपटीवाला इथे गाठतो. त्यावर पुढची चाल अशी: सूर्य जर इतका जवळ असेल तर दुपारी तो डोक्यावर असताना मोठा आणि कलल्यावर लहान दिसायला हवा. क्षितिजापासून ३० अंशांवर असताना तो डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट लांब, म्हणजे निम्म्या आकाराचा. हे मोजायला पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि दोन मीटर लांब पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा घ्या. कागद किरणांना काटकोनात धरा, नाहीतर प्रतिमा लंबगोल होईल. सूर्याकडे थेट पाहायचं नाही. बाराला मोजा, साडेचारला मोजा. दोन्ही वेळा १८ ते १९ मिलिमीटर येतील. चपटीच्या हिशोबाने साडेचारच्या सुमाराला ९ यायला हवेत.

पण पुण्यात बसून मला सगळ्यात पक्का वाटतो तो ध्रुवतारा.

सामान: जाड पुठ्ठा, २० सेंटिमीटर लांब दोरीने आखलेला पाव वर्तुळाचा कोनमापक, एक सरळ नळी (जुन्या बॉलपेनची चालते), शिवणाचा दोरा आणि एक नट. कंपासपेटीतला कोनमापक घेऊ नका. त्याच्यावर एक अंश एक मिलिमीटरपेक्षाही कमी जागेत असतो. २० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर एक अंश साडेतीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे पाव अंशापर्यंत वाचता येतं. आणि इथे पाव अंशच लागतो. नळी पुठ्ठ्याच्या एका सरळ कडेला समांतर चिकटवा. दोरा वर्तुळाच्या मध्यातून सोडा, टोकाला नट. झाला ओळंबा. नळी आडवी असताना दोरा ज्या रेघेवर येतो तिथे शून्य.

नळीतून तारा धरायचा, दोरा थांबू द्यायचा, बोटाने तो पुठ्ठ्यावर दाबायचा आणि मग वाचायचं. असं दहा वेळा, आणि सरासरी. कुठे चुकतं ते सांगतो. नळी तिरकी चिकटवली की सगळी वाचनं एकसारखी चुकतात; ती चूक सरासरीने जात नाही. त्यासाठी पाण्याच्या नळीने दोन समपातळीतल्या खुणा भिंतीवर करून घ्या, त्यांच्या रेषेत नळी धरा, शून्य येतं का पाहा. दोरा पुठ्ठ्याला घासून अडकतो. पुठ्ठा किंचित पुढे कलता ठेवा. वारा असेल तर नटाऐवजी जड ओळंबा लावा. आणि दाबताना बोटाने दोरा सरकतो, हे अंधारात कळतच नाही. दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन बाजूला उभं करा.

तारा शोधणंही सोपं नाही. पुण्याहून तो जेमतेम साडेअठरा अंशांवर, धुरकट पट्ट्यात असतो, आणि "सगळ्यात तेजस्वी तारा म्हणजे ध्रुव" असं समजून लोक भलताच तारा मोजतात. सप्तर्षींतले पुलह आणि क्रतु जोडून रेषा पाचपट पुढे न्या. पावसाळ्यानंतर संध्याकाळी सप्तर्षी खाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा हा तारकासमूह धरा. सिंहगडावर जाऊन उपयोग नाही, तिथून उत्तरेकडच्या आकाशात शहराचाच उजेड येतो. शहर पाठीशी राहील असं, नारायणगाव-जुन्नरच्या अंगाला जा.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे आणि रात्रभर त्याभोवती लहानसं वर्तुळ काढतो. म्हणून सगळ्या गावांनी एकाच रात्री, घड्याळातल्या एकाच वेळी मोजायचं. गावं एका रेखावृत्तावर असल्याने सगळ्यांची चूक सारखीच येते आणि फरकावर परिणाम होत नाही.

अपेक्षित उंची: पणजी १५.५ अंश, पुणे १८.५, उदयपूर २४.६. अमृतसरला कोणी असेल तर ३१.६, ते रेषेपासून एका अंशाने पूर्वेला आहे, पण चालतं. उत्तर-दक्षिण अंतरं हवाई घ्या: पणजी ते पुणे ३३५ किलोमीटर, पुणे ते उदयपूर ६७१, उदयपूर ते अमृतसर सुमारे ७८०. रस्त्याची अंतरं घाटवळणांसकट येतात, ती चालत नाहीत.

आता मजा. जमीन सपाट असेल तर ध्रुवतारा कुठेतरी एका ठराविक उंचीवर टांगलेला असणार. दोन गावांतले कोन आणि त्यांच्यातलं अंतर माहीत असलं की ती उंची निघते. देवळाच्या कळसाची उंची दोन ठिकाणांहून काढतात तीच रीत. पणजी-पुणे जोडीवरून तारा येतो सुमारे ५४० किलोमीटर उंच. पुणे-उदयपूरवरून ८४०. उदयपूर-अमृतसरवरून १३९०. एकच तारा, तीन उंच्या. पृथ्वी गोल धरली तर प्रत्येक जोडीला एकच गोष्ट मिळते: एक अंश म्हणजे साधारण ११०.७ किलोमीटर. त्याला ३६० ने गुणा, परीघ ४० हजारांच्या जवळ.

यावर ठरलेली उत्तरं येतात. "लांबची वस्तू नजरेला खाली गेलेली दिसतेच, पर्स्पेक्टिव्ह असतो तो" हे पहिलं; पण ते आपण धरलेलंच आहे, दोन कोनांवरून उंची काढण्याचं गणित म्हणजे तेच. "हवेने किरण वाकतो" हे दुसरं. १५ अंश उंचीवर तो परिणाम एका अंशाच्या सोळाव्या भागाएवढा असतो, आपल्या पुठ्ठ्यावर दिसणारसुद्धा नाही. मोजण्याच्या आधी कागदावर तीन रकाने पाडा: चपटी काय सांगते, गोल काय सांगते, प्रत्यक्षात काय आलं. पहिला रकाना चपटीवाल्याने स्वतःच्या हाताने भरायचा. नंतर भरलेला रकाना धरायचा नाही. तो भरायला तयारच नसेल तर मोजणी रद्द करा, झोप तरी मिळेल.

गुरुत्वाकर्षणाचा वाद वेगळा असतो. तिथे म्हणणं असं की, ओढ वगैरे काही नाही, जड वस्तू हवेपेक्षा दाट म्हणून खाली जाते आणि हलकी वर जाते. ऐकायला बरं वाटतं. पण दाटपणाला दिशा नसते. दाट वस्तूने डावीकडे का जाऊ नये? आणि हवेचा वाटा किती ते पाहा: पुण्यात एक लिटर हवेचं वजन जेमतेम १.१ ग्रॅम. सह्याद्रीचा एक किलो काळा दगड घ्या, त्याची जागा साधारण साडेतीनशे मिलिलिटर, म्हणजे हवा त्याला उचलते ०.४ ग्रॅमने. उरलेले ९९९.६ ग्रॅम कोण ओढतंय?

याला प्लॅस्टिकच्या बाटलीचा प्रयोग सगळ्यात चांगला. एक लिटरची पाण्याची बाटली, तळापासून तीन सेंटिमीटरवर तापवलेल्या खिळ्याने ३-४ मिलिमीटरचं भोक. बोटाने भोक दाबून काठोकाठ भरा. झाकण काढूनच ठेवा. झाकण लावलं तर हवा आत शिरत नाही, धार तशीही थांबते आणि प्रयोग फुकट जातो. बोट काढलं की धार सुरू होते. दोन मीटर उंचीवरून बाटली सोडून द्या. पडत असताना धार थांबते. पडायला ०.६४ सेकंद लागतात. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन लावा, दीडशेच्या वर चित्रं मिळतील.

इथे एक फसवणूक होते. बाटली सोडण्याआधी बाहेर पडलेलं पाणी बाटलीबरोबरच, तेवढ्याच वेगाने खाली येतं, त्यामुळे धार चालूच आहे असं भासतं. बघायचं ते भोकाच्या तोंडाशी. बाटली सोडताना बोटांनी ओढली की ती कलंडते, म्हणून दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून हात एकदम बाजूला करा. आणि एकदा बाटली सोडण्याऐवजी वर फेका. हातातून सुटल्याच्या क्षणापासून, वर जातानाही, धार बंद. हे पाहिल्यावर बरेच वादपटू गप्प होतात.

कारण यात पाण्याचा दाटपणा बदललेला नाही, हवेचाही नाही. दुसरी बाटली भोक न पाडता, थोडी हवा राखून बंद करा आणि आडवी टाका. पडताना आतला बुडबुडा वर धाव घेणं सोडून देतो. उत्प्लावक बल म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पडणाऱ्या बाटलीत पाण्याचा भार तळावर येतच नाही, म्हणून बुडबुड्याला उचलणारंही कोणी उरत नाही. दाटपणामुळे वस्तू वरखाली होतात हे खरं, पण वर आणि खाली कुठे ते गुरुत्व ठरवतं.

गुरुत्वाचा आकडा काढायला लंबक. हार्डवेअरच्या दुकानातला गवंड्याचा ओळंबाच वापरा. दोरा न ताणणारा, एक मीटर. १०० हेलकावे मोजा (जाऊन परत आला की एक). पुण्यात २०१ सेकंदांच्या आसपास लागतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घड्याळ सुरू करताना "एक" म्हणणं. शून्य म्हणायचं! एकपासून मोजलं की प्रत्यक्षात ९९ हेलकावे होतात आणि उत्तर ९.७८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) ऐवजी ९.९८ येतं. झोका २० अंशांचा घेतला तर ९.६४ येतं, पाच-सहा अंशांपलीकडे जाऊ नका. घड्याळ लंबक टोकाला असताना सुरू करू नका, तिथे तो रेंगाळतो. मधून जाताना करा. आणि ओळंबा भोपळ्यासारखा असल्याने त्याचा मध्य नेमका कुठे ते कळत नाही, तिथे एक सेंटिमीटर चुकलं तर उत्तरात एक टक्का गेला. उपाय साधा: एकदा एक मीटरवर आणि एकदा दोरा ६० सेंटिमीटरने आखूड करून मोजा. दोन्ही आवर्तनकाळांच्या (एका हेलकाव्याला लागणाऱ्या सेकंदांच्या) वर्गांतला फरक घ्या आणि ६० सेंटिमीटरला, म्हणजे ०.६ मीटरला, त्याने भागून ३९.४८ ने गुणा. ओळंब्याचा आकार हिशोबातून निघून जातो.

हा आकडा जागेप्रमाणे बदलतो, आणि चपटीवाल्याला हे फार अडचणीचं जातं. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे पॅरिसचं लंबकाचं घड्याळ विषुववृत्ताजवळच्या केयेनला घेऊन गेला, तर ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. आजही अचूक इलेक्ट्रॉनिक काटा दिल्लीत जुळवून पुण्यात आणला आणि तसाच वापरला तर किलोमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास कमी दाखवतो. सोन्याच्या व्यवहारात हे परवडणारं नाही, म्हणून चांगला काटा जिथे वापरायचा तिथेच वजन ठेवून जुळवून घेतात.

पण लंबक फक्त ओढ किती ते सांगतो, वस्तू वस्तूला ओढते हे सांगत नाही. ते १७९८ मध्ये कॅव्हेंडिशने शिशाचे गोळे टांगून दाखवलं. घरी ते करू नका, पंख्याच्या वाऱ्यापुढे तो परिणाम काहीच नाही. त्यापेक्षा आपल्याकडचंच उदाहरण द्यावं. ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा (त्रिकोणांच्या मोजणीची पहिली रेषा) मोजून भारताचं सर्वेक्षण सुरू केलं, ते उत्तरेकडे नेता नेता १८२३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. मध्य प्रदेशातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधला अंतराचा कोन ताऱ्यांवरून एक आला आणि जमिनीवरच्या त्रिकोणांवरून दुसरा. फरक कोनाच्या ५.२ सेकंदांचा (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. त्या काळच्या सर्वेक्षकांना ही नामुष्की होती. १८५५ मध्ये गणिती प्रॅटने कारण सांगितलं: हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढतोय. हिशोबाप्रमाणे फरक तिपटीने जास्त यायला हवा होता, आणि तो का येत नाही हे शोधताना डोंगरांना खाली हलक्या खडकाची मुळं असतात ही कल्पना ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एअरीने मांडली. आता विचारा: खाली म्हणजे नुसतं खाली असतं, तर ओळंबा डोंगराकडे का झुकला?

इथे दुसऱ्या बाजूचे लोकही गाठायचे असतात. "न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आपल्या भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला." त्यांच्या ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथातल्या गोलाध्यायात पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि जड वस्तू त्यामुळे तिच्याकडे येतात असं स्पष्ट म्हटलंय. परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, म्हणून माणसाला पृथ्वी सपाट वाटते, असंही त्यात आहे, आणि ते बादलीवाल्याला तोंडावर मारण्याजोगं आहे. पण अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते हा नियम त्यात नाही, आणि चंद्राच्या कक्षेचं गणित त्याच नियमावर चालतं. जेवढं आहे तेवढं थोर आहे, वाढवून सांगायची गरज नाही.

"पृथ्वी एवढ्या वेगाने फिरते तर जाणवत का नाही?" पुण्याचा वेग ताशी १५८० किलोमीटर येतो, पण जाणवतो तो वळण्याचा वेग, आणि तो घड्याळातल्या तासकाट्याच्या निम्मा. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूको लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर अशा लंबकाच्या झोक्याची दिशा तासाला पावणेपाच अंशांनी सरकते आणि पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. "२४ का नाहीत?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर अक्षांशात आहे: ध्रुवावर २४, विषुववृत्तावर झोक्याची दिशा सरकतच नाही. पृथ्वी गोल असती तर विमानाला सतत नाक खाली करावं लागलं असतं, असं म्हणणाऱ्याला सांगा, की ताशी ८५० किलोमीटरला मिनिटाला अंशाचा आठवा भाग एवढंच ते वळणं आहे. आणि सिडनी-सँटियागो विमान १२-१३ तासांत कसं पोचतं तेही विचारा; उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या त्यांच्या चपट्या नकाशावर ते अंतर २५ हजार किलोमीटर भरतं.

चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली गोल असते, यावर "थाळीचीही गोलच असते" असं उत्तर येतं. थाळी समोरून धरली तरच. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्र डोक्यावर उंच होता, ८ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात तो ग्रासलेलाच क्षितिजावर उगवला. दोन्ही वेळा सावलीची कड तशीच वाटोळी. आडव्या थाळीची क्षितिजावर रेघ पडली असती.

पुठ्ठ्याचा कोनमापक एकदा केलाच आहे तर फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री सव्वानऊ-साडेनऊला तो पुन्हा काढा. त्या वेळी अगस्ती हा तारा बरोबर दक्षिणेला सगळ्यात उंच असतो. पुण्यात तो १८.८ अंशांवर, आणि मागे वळलात तर ध्रुव जवळजवळ तेवढाच. पणजीत अगस्ती २१.८, ध्रुव १५.५. उदयपूरला अगस्ती १२.७, ध्रुव २४.६. प्रत्येक गावात दोघांची बेरीज करा. गोल पृथ्वीच्या हिशोबाने ती ३७.३ यायला हवी. ध्रुवताऱ्याचं लहान वर्तुळ धरून अर्धा अंश इकडेतिकडे. कागदावर चौथा रकाना पाडा आणि चपटीवाल्याला आधी त्याचा आकडा लिहू द्या.